इंजेक्शनं संपली, मग पुढे?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. निमित्त आत्याच्या फोनचं. गेल्या रविवारी सांगलीहून तिचा फोन आला, "अगं, तुझ्या आईसारखी ती पोटात टोचायची इंजेक्शनं मलाही सांगितली आहेत. दोन वर्षं घ्यायची म्हणे. दोन वर्षं काढली की सुटले, हो ना?"

मी 'हो' म्हणता म्हणता थांबले. कारण आईच्या वेळी आम्हीही नेमकं हेच समजून बसलो होतो. त्या समजुतीपायी आईने दोन वर्षं रोज सुई टोचून घेऊन मिळवलेल्या हाडातलं जवळजवळ निम्मं आम्ही दहा महिन्यांत घालवलं. फोनवर हे सगळं सांगणं जमेना. शिवाय बडोद्याची वहिनी, नागपूरची मावशी, सगळ्याच त्या वयाकडे निघाल्या आहेत (मीसुद्धा!), म्हणून एकदाच लिहून काढते. मी डॉक्टर नाही, शाळेत इतिहास शिकवते. त्यामुळे कुठलीही गोष्ट समजून घ्यायची तर पहिल्यापासून, सनावळीसकट, ही माझी जुनी खोड. ज्यांना सनावळीचा कंटाळा आहे त्यांनी सरळ शेवटाकडे उडी मारावी. रागावणार नाही :-)

तर आधी आईची गोष्ट. २०२२ च्या दिवाळीत तिने न्हाणीघरातली अर्धी भरलेली बादली उचलली आणि पाठीत कट्‌कन काहीतरी झालं. आम्हाला वाटलं उसण भरली. दोन दिवस शेक, मलम, शेजारच्या काकूंचं कसलंसं तेल. तिसऱ्या दिवशी तिला कुशीवरही वळता येईना तेव्हा एक्स-रे काढला. कमरेचा एक मणका पुढून दबला होता. आणि त्याच्या वरचा आणखी एक कधीतरी पूर्वीच दबून गेला होता, आम्हा कुणाला पत्ता नव्हता. मागून आठवलं, वर्षभर आई म्हणत होती की हल्ली साड्यांच्या निऱ्या खाली लोळतात, साड्या रुंद यायला लागल्या की काय. साड्या तेवढ्याच होत्या. आई कमी झाली होती.

डेक्सा स्कॅनमध्ये कमरेचा टी-स्कोअर आला उणे ३.६. (उणे २.५ च्या खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस म्हणायचं, ही रेषा जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली आखली.) दोन मणके गेलेले, वय बहात्तर. डॉक्टरांनी टेरीपॅराटाइड सुरू केलं. रोज २० मायक्रोग्रॅम, पोटाच्या कातडीत, पेनासारख्या यंत्राने. पेन फ्रीजच्या दारात, कोथिंबिरीच्या डब्याशेजारी. पहिले पंधरा दिवस मी टोचत होते, मग आईच टोचायला लागली. रात्री नऊची मालिका संपली की इंजेक्शन. दोन वर्षांत चार-पाच खाडे असतील, तेही प्रवासात.

जानेवारी २०२५ मध्ये शेवटचं पेन संपलं. स्कॅन उणे ३.० वर आला होता. पेढे वाटले आम्ही! "कोर्स पूर्ण झाला" असं सांगण्यात आलं आणि कागदावर कॅल्शियम, 'ड' जीवनसत्त्व आणि 'एक वर्षाने दाखवणे' एवढंच होतं. 'कोर्स' हा शब्द मोठा फसवा. आपल्या कानांना तो अँटिबायोटिकचा कोर्स वाटतो. पाच दिवसांच्या गोळ्या घेतल्या, जंतू मेले, संपलं. आम्ही पुढचं विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. नोव्हेंबरात दुसऱ्याच कारणाने दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जुना कागद पाहून विचारलं, "टेरीपॅराटाइड बंद केल्यावर कशावर ठेवलं त्यांना?" मी म्हटलं, "कशावर म्हणजे?" त्यांनी काही न बोलता डेक्सा लिहून दिला. उणे ३.३.

त्या रात्री मी वाचायला बसले. आणि जे हाती लागलं ते इतिहासाच्या बाईला आवडावं असंच निघालं.

आपल्या गळ्यात थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, पॅराथायरॉइड. रक्तातलं कॅल्शियम कमी पडू लागलं की त्यांचं संप्रेरक हाडातून कॅल्शियम काढून रक्तात आणतं. या ग्रंथींचा कामाला येईल असा अर्क १९२५ साली काढला कॅनडातल्या जेम्स कॉलिपने. इन्शुलिन शुद्ध करणाऱ्यांपैकी जो कॉलिप, तोच हा.

त्याच सुमारास चार्ल्स मार्टेल नावाचा व्यापारी जहाजावरचा एक कप्तान न्यूयॉर्कमधून बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये आला. सहा फुटांवरचा धिप्पाड माणूस, पण हाडं मोडून, वाकून सात इंच कमी झाला होता. त्याच्या शरीरात कुठेतरी एक पॅराथायरॉइड ग्रंथी बेफाम संप्रेरक सोडत होती. गळा पुन्हा पुन्हा उघडला, सापडेना. सहा शस्त्रक्रिया वाया गेल्या. म्हणतात की कप्तानाने स्वतःच शरीररचनेची पुस्तकं वाचून छातीत शोधा असा आग्रह धरला. १९३२ साली सातव्या वेळी ती गाठ खरंच छातीत सापडली. पण तोवर मूत्रपिंडं गेली होती, काही आठवड्यांतच तो वारला. सात इंच! आईच्या निऱ्या आठवल्या मला.

त्याला तपासणाऱ्यांत फुलर अल्ब्राइट नावाचा तिशीही न गाठलेला डॉक्टर होता. कप्तानाच्या हाडांचा हा चुराडा ज्या संप्रेरकाने केला, तेच अल्ब्राइट, त्याचा सहकारी बाउअर आणि वरिष्ठ ऑब यांनी उंदरांना अर्काच्या रूपात टोचून पाहिलं होतं. १९२९ साली त्यांनी जे छापलं ते उलटंच होतं: उंदरांची हाडं आतून दाट झाली होती. १९३२ साली हान्स सेलये यानेही (हाच पुढे 'स्ट्रेस' या शब्दामुळे जगप्रसिद्ध झाला) थोड्या थोड्या मात्रेने हाडं बांधणाऱ्या पेशी वाढतात असं दाखवलं. आज आपल्याला उत्तर ठाऊक आहे. संप्रेरक चोवीस तास चढलेलं राहिलं तर हाड खातं, आणि दिवसातून एकदा चढून लगेच उतरलं तर हाड बांधतं. आईचं रोज रात्रीचं एक इंजेक्शन म्हणजे तीच झटकन चढणारी आणि उतरणारी लाट. पण त्या काळात हे विचित्रच वाटलं असणार. हाड पोखरणाऱ्या संप्रेरकाचं औषध कोण करणार? तो धागा पुढे जवळजवळ चाळीस वर्षं तसाच पडून राहिला.

अल्ब्राइटबद्दल दोन वाक्यं जास्त लिहिते. १९४१ साली पाळी गेल्यानंतरच्या बायकांच्या ठिसूळ हाडांचं वर्णन करून त्याचा संबंध इस्ट्रोजेनशी जोडणारा लेख त्याने सहकाऱ्यांसोबत लिहिला. म्हातारपणी बायका वाकतातच, त्यात काय, असं मानणाऱ्या जगाला हा आजार आहे, त्याला कारण आहे, हे सांगणारा लेख. त्याला स्वतःला ऐन तारुण्यात पार्किन्सन जडला होता. १९५६ साली त्याने मेंदूची त्या वेळी प्रायोगिक असलेली शस्त्रक्रिया करून घेतली, त्यात रक्तस्राव झाला, आणि पुढची तेरा वर्षं, १९६९ मध्ये मरेपर्यंत, तो त्याच आपल्या हॉस्पिटलमध्ये वाचा गेलेल्या अवस्थेत होता. याचा आईच्या औषधाशी थेट संबंध नाही. पण वाचल्यापासून डोक्यातून जात नाही.

असो.

१९७१ साली जॉन पॉट्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पॅराथायरॉइड संप्रेरकाच्या ८४ कड्यांच्या साखळीतल्या पहिल्या ३४ कड्या बनवल्या तरी काम होतं. टेरीपॅराटाइड म्हणजे माणसाच्या संप्रेरकातल्या त्याच ३४ कड्या. १९८० साली जोनाथन रीव्ह आणि इतरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २१ रुग्णांवरचा प्रयोग छापला, रोज एक इंजेक्शन देऊन. मणक्यासारखं जाळीदार हाड वाढलं. १९२९ च्या उंदरांनंतर माणसांपर्यंत यायला अर्धशतक लागलं.

मग पुन्हा उंदीर आडवे आले! नव्वदच्या दशकात मोठी चाचणी चालू होती, १,६३७ बायकांवर. इकडे कंपनीच्या प्रयोगशाळेत उंदरांना जवळजवळ जन्मभर, मोठ्या मात्रेत हेच औषध दिलं जात होतं, आणि त्यांच्यात हाडाचा कर्करोग आढळला. डिसेंबर १९९८ मध्ये बायकांवरची चाचणी मध्येच थांबवली गेली. २००१ साली रॉबर्ट नीर (हाही त्याच बॉस्टनच्या हॉस्पिटलचा) याने त्या अर्धवट चाचणीचे आकडे छापले. मणके मोडण्याचं प्रमाण ६५ टक्क्यांनी कमी, इतर हाडं मोडण्याचं ५३ टक्क्यांनी. नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली, पण वेष्टनावर काळ्या चौकटीतली कर्करोगाची सूचना आणि दोन वर्षांपेक्षा जास्त नको अशी अट. चाचणीच त्या सुमाराला थांबल्यामुळे त्यापुढचा अनुभव कुणाकडे नव्हता.

म्हणजे आईच्या 'कोर्स'ची दोन वर्षं अशी ठरली! दोन वर्षांत हाड पक्कं होतं म्हणून नव्हे. एक चाचणी उंदरांमुळे मध्येच बंद पडली म्हणून. पुढे माणसांत तसा कर्करोग वाढलेला दिसला नाही, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेने ती काळी चौकट काढली, दोन वर्षांची अटही सैल केली. पण सवय राहिलीच, आणि 'दोन वर्षं झाली, संपलं' हा समजही राहिला.

आता खरा मुद्दा. दोन वर्षांनंतर काय? हा प्रश्न कुणी नीट विचारेपर्यंत एकविसावं शतक उजाडलं. आधी लोकांच्या डोक्यात दुसरीच कल्पना होती. हाडात दोन टोळ्या असतात, एक पाडणारी आणि एक बांधणारी, आणि जन्मभर दोघींचं काम चालू असतं. बाजारात पाडणाऱ्या टोळीला आवरणाऱ्या गोळ्या १९९५ पासून होत्याच (ॲलेंड्रोनेट). मग बांधणारं आणि पाडकाम रोखणारं, दोन्ही एकदम दिलं तर? दुप्पट फायदा! ऐकायला इतकं पटतं की मीही तेच म्हटलं असतं. सप्टेंबर २००३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलच्या एकाच अंकात दोन प्रयोग आले, एक बायकांवरचा, एक पुरुषांवरचा. दोन्हींत उत्तर नकारार्थी. एकत्र दिल्याने फायदा वाढला नाहीच, उलट ॲलेंड्रोनेटने बांधणाऱ्या औषधाचा जोर कमी केला. दोन्ही टोळ्या एकमेकींच्या इशाऱ्यावर चालतात. एकीला डांबून ठेवलं की दुसरीही सुस्तावते.

बायकांवरचा प्रयोग डेनिस ब्लॅकच्या गटाचा. त्यांनी तो तिथे सोडला नाही. ज्या बायकांना वर्षभर नुसतं पॅराथायरॉइड संप्रेरक (सगळ्या ८४ कड्यांचं) दिलं होतं, त्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एकाला पुढचं वर्ष ॲलेंड्रोनेट, दुसऱ्याला औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. २००५ साली निकाल आला. मणक्याच्या आतल्या जाळीदार हाडाची घनता सीटी स्कॅनने मोजली तर दोन वर्षांत पहिल्या गटात ती ३१ टक्के वाढली होती, दुसऱ्या गटात १४ टक्के. पहिलं वर्ष दोघींचं सारखंच गेलं होतं. फरक दुसऱ्या वर्षाचा.

हे वाचलं तेव्हा मी टेबलावरून उठून पाणी पिऊन आले. २००५! आईचं शेवटचं पेन संपायच्या वीस वर्षं आधी हे छापून आलं होतं.

असं का होतं ते आमच्या मामाच्या भाषेत सांगते. मामा बांधकामातला. स्लॅब टाकून झाला की घर झालं असं तो कधी म्हणत नसे, पाणी मारायला माणूस ठेवायचा. टेरीपॅराटाइडने घातलेलं हाड नवीन असतं, त्यात खनिज अजून पुरतं भरायचं असतं. औषध बंद झालं की बांधणारी टोळी निघून जाते, पाडणारी मात्र अजून जोरात असते, आणि तिला कच्चं नवं हाड आयतंच सापडतं. त्या वेळी पाडकाम रोखलं तर नव्या हाडाला भरून पक्कं व्हायला सवड मिळते. उपमा फार ताणू नये, पण मला तरी यातूनच समजलं.

आणि क्रमाचंही तसंच. २०१५ साली लॅन्सेटमध्ये बेंजामिन लेडर आणि सहकाऱ्यांचा प्रयोग आला. पुन्हा बॉस्टन, पुन्हा कप्तान मार्टेलचं हॉस्पिटल! शंभराच्या आतच बायका, पण चार वर्षं धीराने केलेलं काम. काहींना आधी दोन वर्षं टेरीपॅराटाइड आणि मग दोन वर्षं डेनोसुमॅब (हे पाडकाम रोखणारं दुसरं औषध, दर सहा महिन्यांनी इंजेक्शन). काहींना नेमकं उलटं. तीच दोन औषधं, तेवढीच वर्षं. चार वर्षांनी खुब्याच्या हाडाची घनता पहिल्या क्रमाने ६.६ टक्के वाढली, उलट्या क्रमाने २.८ टक्के. मणक्यातही १८.३ विरुद्ध १४.० असा आकडा होता, तो फरक तितका ठाम नव्हता, पण खुब्याचा होता. उलट्या क्रमात मधल्या काळात तर चक्क घट झाली. २०१९ साली अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने स्पष्टच लिहिलं की टेरीपॅराटाइड संपल्यावर पाडकाम रोखणारं औषध द्यावं. म्हणजे 'पुढे काय' हा प्रश्न आता वादाचा नाही. 'त्यातलं कुठलं' हा आहे.

तिथे आमची पंचाईत सुरू झाली.

नव्या डॉक्टरांनी तीन गोष्टी समोर ठेवल्या. आठवड्याची गोळी, वर्षातून एकदा शिरेतून सलाइन, किंवा सहा महिन्यांचं इंजेक्शन. म्हणाले, "रिपोर्ट मी बघतो. पण आईंचं रोजचं जगणं तुम्हाला माहीत आहे. विचार करून सांगा."

गोळीचा निकाल पाच मिनिटांत लागला. ॲलेंड्रोनेट सकाळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि मग अर्धा तास न आडवं होता, न काही खाता-पिता. आईची सकाळ चहाने उघडते. शिवाय तिला जुना ॲसिडिटीचा त्रास, आणि ही गोळी अन्ननलिकेला झोंबते. आईनेच सांगून टाकलं, "ते जमायचं नाही."

राहिली दोन. आकड्यांवर जायचं तर डेनोसुमॅब मोहात पाडतं. २००९ च्या मोठ्या चाचणीत, ७,८६८ बायकांत, मणके मोडणं ६८ टक्क्यांनी कमी झालं. टेरीपॅराटाइडनंतर त्याने काय होतं ते लेडरच्या प्रयोगात आलंच आहे. माझा भाऊ आकड्यांचा माणूस, बडोद्याहून त्याने फोनवर लगेच मत दिलं, "जे जास्त वाढवतं ते घ्या ना!"

पण त्याची दुसरी बाजू आहे, आणि तीही उशिराच कळली. हे औषध हाडात राहत नाही. सहा महिन्यांनी त्याचा असर उतरतो आणि इतके दिवस दाबून ठेवलेली पाडणारी टोळी उसळून बाहेर येते, आधीपेक्षा जास्त जोराने. २०१५-१६ च्या सुमारास इंजेक्शन थांबवलेल्या बायकांचे एकदम तीन-तीन, चार-चार मणके मोडल्याच्या नोंदी यायला लागल्या. मग जुन्या चाचणीचे आकडे पुन्हा तपासले गेले. २०१८ साली छापलेल्या त्या हिशेबात, औषध चालू असताना १०० बायकांमागे वर्षाला १.२ मणक्याचे फ्रॅक्चर, आणि थांबवल्यावर ७.१. त्यातही ज्यांचे मोडले त्यांच्यातल्या साठ टक्क्यांहून अधिक जणींचे एकापेक्षा जास्त. २०२० च्या लॉकडाउनमध्ये बायका दवाखान्यात जाऊ शकेनात, तेव्हा या विषयातल्या संघटनांना एकत्र येऊन सांगावं लागलं की डेनोसुमॅब सातव्या महिन्याच्या पुढे ढकलू नका, ढकलावंच लागलं तर तात्पुरतं दुसरं औषध द्या. चांगलंच औषध आहे, कित्येक जणींना तेच योग्य, विशेषतः मूत्रपिंड कमजोर असेल तर. पण ते थांबवायचं झालं तर त्याच्याही मागे दुसरं औषध लावावं लागतं. म्हणजे पुन्हा 'पुढे काय' उभंच!

सलाइनवालं औषध म्हणजे झोलेड्रॉनिक ॲसिड. हे ॲलेंड्रोनेटच्याच कुळातलं, बिस्फॉस्फोनेट. या कुळाची जन्मकथा मजेशीर आहे. ही रसायनं एकोणिसाव्या शतकापासून माहीत होती आणि पुढे कारखान्यांत वापरली जात होती, नळात चुन्याचा थर साचू नये म्हणून. हर्बर्ट फ्लाइश नावाच्या स्विस डॉक्टरने विचार केला, पाण्यातला चुना ज्याने सांभाळता येतो त्याने शरीरातला का नाही? १९६९ साली त्याने सहकाऱ्यांसोबत त्यांचा हाडांवरचा परिणाम प्रसिद्ध केला. हे औषध हाडाला चिकटून बसतं, वर्षानुवर्षं. गोळ्या पाच वर्षांनी थांबवल्या तरी त्यांचा असर एकदम जात नाही, हळूहळू ओसरतो, हे २००६ च्या एका चाचणीत दिसलं. २००७ मध्ये झोलेड्रॉनिक ॲसिडची ७,७६५ बायकांची चाचणी आली. वर्षातून एकदा, पंधरा मिनिटांचं सलाइन, मणके मोडणं ७० टक्क्यांनी कमी, खुबा ४१ टक्क्यांनी.

त्यालाही काटे आहेतच. मूत्रपिंड ठीक हवं. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी होऊ शकते. या कुळातलं औषध फार वर्षं घेतल्यास क्वचित मांडीचं हाड विचित्र पद्धतीने मोडतं, दात काढल्यावर जबड्याचं हाड क्वचित उघडं राहतं (जबड्याचा हा धोका डेनोसुमॅबलाही आहे). म्हणून काही वर्षांनी थांबून फेरविचार करतात. पण थांबता येतं, हे महत्त्वाचं.

आता आमच्या घरची परिस्थिती. आई वर्षातले सात-आठ महिने पुण्यात माझ्याकडे, उरलेले बडोद्याला भावाकडे. मधूनच नागपूरला मावशीकडे जाते आणि महिना काढते. मी विसराळू. (दुधाचं बिल दोनदा भरणारी मीच.) भाऊ कामानिमित्त महिना-महिना बाहेर. दर सहा महिन्यांची तारीख, ती एक महिनाही चुकवायची नाही, ती कोण सांभाळणार? मोबाइलमध्ये लावू, भाऊ म्हणाला. मी त्याला विचारलं, "जानेवारीपासून नोव्हेंबरपर्यंत दहा महिने आपल्या दोघांपैकी एकाला तरी वाटलं का, की आईच्या औषधाचं पुढे काय ते विचारावं?" तो गप्प झाला. त्याला बोलले खरं, पण ते माझ्यासाठीच होतं.

आईला हे सगळं समजावून सांगितलं. निम्मं तिने झोपाळ्यावर डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे एक औषध असं की विसरले तर पाठ मोडेल, आणि दुसरं असं की विसरले तरी बिघडत नाही."

"बिघडतं, पण हळू," मी म्हटलं.

"मग हळूवालं दे. मी उद्या काशीला गेले आणि तिथे दोन महिने राहिले तर?" काशीला जायचं तिचं गेली पंधरा वर्षं चाललं आहे.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण लगेच सलाइन लावलं नाही. आधी मूत्रपिंडाची तपासणी, ती ठीक निघाली. 'ड' जीवनसत्त्व कमी निघालं, ते आधी भरून काढायला सांगितलं, कारण त्याशिवाय हे औषध दिलं तर रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली जाऊ शकतं. दातांच्या डॉक्टरांकडे एक किडकी दाढ काढायची होती, ती काढून जखम भरेपर्यंत थांबलो. यात दीड-दोन महिने गेले, आणि मी रोज मनात उणे ३.३ चा हिशेब करत बसले.

सलाइन लागलं त्या दिवशी सकाळी आईने तांब्याभर पाणी प्यायलं, पंधरा-वीस मिनिटांत सुई निघाली, येताना आम्ही इडली खाल्ली. संध्याकाळी १०१ ताप, अंग ठणकतंय. पॅरासिटामॉल. रात्री कण्हत म्हणाली, "यापेक्षा ते पोटातलं बरं होतं." तिसऱ्या दिवशी उठून दारातल्या कुंड्यांना पाणी घालत होती. वाकून नाही, आता झारी स्टुलावर ठेवून भरते.

आत्या, तू औषध घेऊ नकोस असं मी म्हणत नाहीये. आईची पाठ त्याने खरंच सावरली, त्या दोन वर्षांत एकही नवा मणका दबला नाही. फक्त पहिलं पेन विकत आणायच्या आधीच डॉक्टरांना विचार की दोन वर्षांनी कशावर ठेवणार, आणि ते त्याच कागदावर लिहून घे. तुझी मूत्रपिंडं, तुझं पोट, तुझे दात वेगळे, तेव्हा आईचं औषध ते तुझं असं समजू नकोस. तुझ्याकडे सून आहे, ती तारखांना पक्की आहे, कदाचित तुला सहा महिन्यांवालंच योग्य ठरेल. आणि तुझा डेक्साचा जुना रिपोर्ट सापडला तर पाठव, कपाटात वरच्या खणात असेल. आईचा पुढचा स्कॅन येत्या दिवाळीनंतर आहे, झाला की आकडा कळवते.